ग्रंज कव्हर बँडसाठी अ‍ॅम्प आणि पेडल : सोलापुरात वापरल्यानंतरचा अनुभव

आमचा बँड चौघांचा. दोन गिटार, बेस आणि ड्रम्स. आम्ही इतरांची गाणी वाजवतो (म्हणजे कव्हर बँड), आणि ती बहुतेक सगळी ग्रंज, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या सिअ‍ॅटलची गाणी : निर्वाणा, पर्ल जॅम, साउंडगार्डन, अ‍ॅलिस इन चेन्स, अधूनमधून मडहनी. मागच्या पावसाळ्यात सामान जमवलं, आता उन्हाळा संपत आलाय. मधल्या काळात दर आठवड्याचं जॅमिंग झालं, कॉलेजांची गॅदरिंगं झाली, एका कॅफेत वाजवलं. सोलापुरात असं सामान हाताळून बघायची सोय जवळपास नाहीच. पुणं अडीचशे किलोमीटर, हैदराबाद त्याहून लांब. त्यामुळे व्हिडिओ बघून निवडायचं आणि मागवायचं, एवढंच हातात राहतं. व्हिडिओत मात्र गिटार एकटीच वाजत असते. शेजारी ड्रमर बसलेला नसतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी निकाल सांगतो. माझ्याकडे बॉस कटाना-५० एमके-टू हा अ‍ॅम्प, आणि पायाखाली आवाज बदलणारी पेडलं : बॉस डीएस-वन (डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटका, खरखरीत करणारं), आयबनेझ टीएस-नाइन (म्हणजेच ट्यूब स्क्रीमर) आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा स्मॉल क्लोन कोरस. दुसऱ्या गिटारवाल्याकडे ऑरेंज क्रश ३५आरटी, त्यापुढे बिग मफ (फझ, म्हणजे जाड घोगऱ्या आवाजाचं पेडल) आणि वाह (पायाने आवाज ‘वा-वा’ करणारं पेडल). ट्यूब अ‍ॅम्प (जुन्या पद्धतीचा, काचेच्या नळ्यांचा) आम्ही घेतला नाही, आणि आता कुणी अर्ध्या किमतीत दिला तरी या बँडसाठी घेणार नाही.

ग्रंज म्हणजे एकच घोगरा आवाज असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक बँडचा आवाज वेगळ्या सामानातून आलाय. कर्ट कोबेनची रीत सरळ होती : अ‍ॅम्प क्लीन (स्वच्छ, न फाटलेला) ठेवायचा आणि त्याच्या आधी डिस्टॉर्शन पेडल लावायचं. सुरुवातीला डीएस-वन, नंतर डीएस-टू. पर्ल जॅमच्या माइक मॅक्रेडीच्या आवाजात ट्यूब स्क्रीमरचा मोठा वाटा आहे. अ‍ॅलिस इन चेन्सच्या जेरी कँट्रेलचा जाड, मेटलकडे झुकणारा आवाज मुळात अ‍ॅम्पच्याच गेनचा (आवाज किती फाटावा ते ठरवणाऱ्या नॉबचा). मडहनीने तर १९८८ च्या आपल्या ईपीला (छोट्या अल्बमला) दोन फझ पेडलांचं नाव दिलं, सुपरफझ बिगमफ. ही मंडळी आपापल्या एका आवाजावर आयुष्यभर वाजवू शकली. कव्हर बँडला एका संध्याकाळी हे सगळे आवाज काढावे लागतात, तेही दोन गाण्यांमधल्या टाळ्या थांबायच्या आत. म्हणून आमची पहिली अट अशी होती : अ‍ॅम्पचा क्लीन आवाज इतका भक्कम हवा की पुढे कुठलंही पेडल लावलं तरी तो घुसमटू नये.

कटानाने ही अट पाळली. १२ इंची स्पीकर, पाच प्रकारचे आवाज आणि अर्धा, २५ आणि ५० वॉट असा बदलता येणारा पॉवर कंट्रोल. मी क्लीनवर राहतो, गेन कमी, मास्टर लागेल तेवढा. अ‍ॅलिस इन चेन्सच्या गाण्यांसाठी ब्राउन हा आवाज दुसऱ्या चॅनलवर साठवून ठेवलाय, तिथे पेडल लागतच नाही. फुटस्विच मात्र वेगळा घ्यावा लागतो, तो सुरुवातीच्या बजेटमध्येच धरा. गाणं चालू असताना खाली वाकून बटण दाबणं जमत नाही. आतले तयार इफेक्ट मी फारसे वापरत नाही. रिव्हर्ब थोडा ठेवतो, बाकी सगळं पायाने. वजन साडेअकरा किलोच्या आसपास आहे. रिक्षात मांडीवर बसतो, जिन्याने एकट्याला वर नेता येतो.

वॉटबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं, म्हणून थोडं सांगतो. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. तेव्हा ५० च्या जागी १०० चा अ‍ॅम्प घेऊन दुप्पट मोठं वाजवता येईल, हा हिशेब चुकतो. आमचा ड्रमर हात राखून वाजवणारा नाही, तरी जॅमिंगला मी २५ वॉटवरच असतो. ऑरेंज ३५ वॉटचा आणि त्याचा स्पीकर १० इंची, पण तोही ड्रम्समागे दबत नाही.

तो का दबत नाही, हे या सगळ्या लिखाणातलं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. घरी एकटं वाजवताना बास (खालचे सूर) भरपूर, ट्रेबल (वरचे) भरपूर आणि मिड्स (मधले) कमी असा आवाज भारदस्त वाटतो. तोच आवाज घेऊन बँडमध्ये उभं राहिलं की गिटार नाहीशी होते. पहिल्या काही जॅमिंगना आमचा बेसवाला दर गाण्यानंतर म्हणायचा, ‘तुझी गिटार ऐकूच येईना की बे!’ आणि मी आवाज वाढवला की गाणाऱ्याचा आवाज बुडायचा. कारण साधं आहे. खालचा भाग बेस आणि किक ड्रमने व्यापलेला असतो, वरचा झांजांनी. गिटारसाठी उरतो तो मधला पट्टा. सिद्धेश्वराच्या गड्ड्यात (यात्रेत) गर्दीत माणूस शोधायचा तर नुसतं मोठ्याने ओरडून भागत नाही, इतर आवाजांच्या मधून वाट काढणारी हाक लागते. गिटारचे मिड्स तेच काम करतात.

गंमत अशी की ग्रंजची दोन्ही नावाजलेली पेडलं हाच पट्टा कापतात. डीएस-वनच्या टोन सर्किटमध्ये साधारण ५०० हर्ट्झपाशी खड्डा आहे, बिग मफमध्ये १००० हर्ट्झच्या आसपास. म्हणून पेडल काय करतंय ते बघून अ‍ॅम्प लावायचा. माझ्या अ‍ॅम्पवर मिडल घड्याळातल्या दोनच्या काट्यावर, बास दहाच्या, ट्रेबल बाराच्या किंचित खाली. एकटं वाजवून बघाल तर हा आवाज नाकातून आल्यासारखा वाटेल. ड्रम्स सुरू होऊ द्या, मग जागेवर बसतो. बिग मफ १९६९ पासूनचं पेडल आहे आणि त्याचा लांबलचक सस्टेन मला मनापासून आवडतो, पण ते दुसऱ्या गिटारकडे दिलं याचं कारण हेच. ऑरेंजमध्ये मिड्स मुळातच पुढे असतात, तिथे मफचा खड्डा भरून निघतो. क्लीन, सपाट अ‍ॅम्पवर मफ वापरायचंच असेल तर साखळीत त्याच्यानंतर, म्हणजे अ‍ॅम्पच्या बाजूला, टीएस-नाइन लावून बघा. ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल वर. ट्यूब स्क्रीमरचा उंचवटा ७२० हर्ट्झपाशी आहे, तो हरवलेला मधला भाग परत आणतो.

डीएस-वन १९७८ पासून बाजारात आहे. तीनच नॉब : टोन, लेव्हल, डिस्ट. ते कर्कश आहे असं म्हणणारे बहुतेक जण टोन बारावर ठेवतात. मी नऊ ते दहाच्या मध्ये ठेवतो, डिस्ट दोन-अडीचच्या काट्यावर. सगळ्यात जास्त वेळ मी लेव्हलवर घालवला. ही गाणी कडव्यात हळू आणि धृवपदात एकदम अंगावर येणारी. पेडल दाबल्यावर आवाज क्लीनपेक्षा स्पष्टपणे मोठा झाला नाही तर गाण्याचा जीवच जातो. घरात कमी आवाजावर लावलेली लेव्हल बँडमध्ये अपुरी पडते, कारण मोठ्या आवाजात क्लीन गिटारच बरीच पुढे येते. ही एक गोष्ट पूर्ण बँडसोबतच ठरवावी.

स्मॉल क्लोनवर रेटचा (आवाज डुलण्याच्या वेगाचा) एक नॉब आणि एक छोटा स्विच, बस्स. निर्वाणाच्या ‘कम अ‍ॅज यू आर’मधला पाण्याखालून आल्यासारखा आवाज याच पेडलचा. ते गाणं सहाही तारा एक पूर्ण सूर उतरवून वाजवलेलं आहे, साध्या ट्यूनिंगमध्ये तो जडपणा येत नाही. साउंडगार्डनच्या ‘ब्लॅक होल सन’मधली गिटार फिरणाऱ्या लेस्ली स्पीकरमधून घेतलेली आहे. रेट वाढवून कोरसने त्याच्या जवळपास जाता येतं, आणि ऐकणाऱ्याला ते पटतं. ट्यूनिंगचं एवढंच सांगतो की गाण्यांचा क्रम ट्यूनिंगप्रमाणे लावा आणि तारा दहा-बावन्नच्या (हे तारांच्या जाडीचे आकडे) घ्या. दहा-शेहेचाळीसची जाडी तार उतरवल्यावर फार लोंबते.

आता विजेबद्दल, कारण आमचे सगळ्यात जास्त दिवस यातच गेले. आमची खोली पूर्व भागात, गच्चीवर, आणि खाली-शेजारी यंत्रमाग. एका अर्थाने हे वरदान आहे, कारण माग चालू असेपर्यंत आमच्या आवाजाबद्दल कुणी तक्रार करत नाही. पण मोटारींच्या लाइनवरच अ‍ॅम्प जोडला की डीएस-वन दाबताक्षणी घरघर सुरू व्हायची. डिस्टॉर्शन सूर वाढवतं तशी घाणही वाढवतं. वायरमनकडून खोलीला स्वतंत्र लाइन आणि नीट अर्थिंग करून घेतलं, तेव्हा निम्मा त्रास गेला. सिंगल कॉइल पिकअपची गिटार तिथे अजूनही गुणगुणते, हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असलेली शांत राहते. घरघर घालवायला अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो अजिबात ऐकू नका. अ‍ॅम्प आणि माइकच्या अर्थमध्ये फरक पडला की गाणाऱ्याच्या ओठाला शॉक बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

उरलेला निम्मा त्रास पेडलच्या वीजपुरवठ्याचा होता. एकाच अडॅप्टरला फाटे असलेली वायर लावून सगळी पेडलं चालवायची स्वस्त पद्धत असते. नुसती अ‍ॅनलॉग पेडलं असतील तर ती चालून जाते, डीएस-वनला मोजके मिलीअँपिअर लागतात. त्यात एखादं डिजिटल पेडल आलं की बारीक शिट्टी ऐकू येते. प्रत्येक पेडलला वेगळा, आयसोलेटेड पुरवठा देणारा बॉक्स घेतला आणि शिट्टी थांबली. या बॉक्सवर खर्च करायला कुणाचंच मन होत नाही, पण माझ्या मते दुसऱ्या पेडलच्याही आधी तो घ्यावा. सोबत ध्रुवता तपासा : नेहमीच्या पेडलांना ९ व्होल्ट आणि मधला बिंदू ऋण लागतो. घरात पडलेला कुठलाही अडॅप्टर लावून पेडल जाळलेली मुलं मी पाहिली आहेत. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवणार असाल तर तो साइन वेव्हचा हवा; स्क्वेअर वेव्हवर अ‍ॅम्प सतत खरखरतो.

उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या खोलीचं काय होतं ते सोलापूरकराला सांगायला नको. ट्यूब अ‍ॅम्प नको म्हणण्याचं हे एक कारण. ट्यूब स्वतः तापतात, त्यात ही खोली, त्यात माग सुरू होताना खाली-वर होणारा व्होल्टेज. ट्यूब बदलायची वेळ आली की पुण्याला पाठवा आणि वाट बघत बसा. शिवाय ट्यूब अ‍ॅम्पचा खरा आवाज मोठ्या व्हॉल्यूमला येतो, आणि संध्याकाळी माग थांबल्यावर आम्हाला आवाज उतरवावाच लागतो. तेव्हा कटानाचा अर्धा वॉट कामी येतो. आमच्या सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरच्या) अ‍ॅम्पांना उन्हाने काही झालं नाही. पेडलबोर्डवरच्या वेल्क्रोचा गोंद मात्र मे महिन्यात सुटला आणि पेडलं पायाखाली सरकायला लागली. आम्ही प्लास्टिकच्या पट्ट्यांनी ती बांधून टाकली.

खोलीचा घुमारा कमी करायला भिंतींवर फोम लावावा असं सगळीकडे वाचायला मिळतं. आमच्याकडे ड्रमरच्या घरचा कारखाना असल्यामुळे छापात किंवा विणीत खोट निघालेल्या चादरी होत्या. त्या दोन-दोन पदरी करून, भिंतीपासून वीतभर पुढे तारेवर सोडल्या. झांजांचा किणकिणाट लगेच उतरला. बासचा घुमारा चादरीने जात नाही. त्यासाठी अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढून मजबूत स्टुलावर ठेवले, तेव्हा फरक पडला. स्टुलामुळे स्पीकर गुडघ्याऐवजी कानाच्या दिशेने आला, हाही फायदा.

स्टेजवर साउंडवाला बहुधा ऑर्केस्ट्रा आणि डीजेची सवय असलेला भेटतो. तो ‘लाइन दे’ म्हणेल, म्हणजे माइकऐवजी थेट वायर. कटाना-५० च्या फोन्स/रेक आउटमध्ये पिन घातली की अ‍ॅम्पचा स्वतःचा स्पीकर बंद होतो, मग मॉनिटर नीट नसेल तर स्वतःची गिटार ऐकू येत नाही. त्यामुळे मी माइकच मागतो. एसएम५७ असेल तर उत्तम, नसेल तर गाण्याचा साधा डायनॅमिक माइकही चालतो. स्पीकरच्या मधोमध न लावता मध्य आणि कड यांच्या बरोबर मध्ये, जाळीपासून दोन बोटांवर. डीएस-वनचा बोचरेपणा निम्मा तिथेच कमी होतो. माइक हातात घेऊन साउंडवाल्यासमोर स्वतः जागेवर लावा, ते लोक नाही म्हणत नाहीत.

पैसे मोजके असतील तर माझा क्रम असा : अ‍ॅम्प, फुटस्विच, डीएस-वन, पुरवठ्याचा बॉक्स, मग कोरस. टीएस-नाइन आणि वाह सावकाश. पेडलं सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, आमची बरीचशी तशीच आहेत. पुण्याहून येणारा माणूस घेऊन येत असेल तर त्याला एवढं सांगा : बॅटरीवर लावून बघ, प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवून खरखर येते का ऐक, जॅक घातल्यावर वायर हलवून बघ, आणि स्विच भराभर दाबून बघ. खरखर साफ करता येते. जॅक ढिला असला तरी इथला रेडिओ-टीव्हीवाला नवा लावून देतो. स्विच अडखळत असेल तर किंमत कमी करून घ्या किंवा ते पेडल तिथेच सोडा.