सातव्या तारेच्या नादात ४८,९०० रुपये गेले

सात तारांची गिटार बनवणाऱ्याला २०,००० आगाऊ, १५,००० ‘लाकूड आणलं’ म्हणून, ११,५०० गिटार तयार झाल्यावर आणि २,४०० पॅकिंग-ट्रान्सपोर्टचे. सगळे मी स्वतः यूपीआयनं पाठवले. बापूंनी केळीच्या पैशातून काढून दिलेले.

मी नवखा नाही. जळगाव जिल्ह्यात लग्नं, भजनसंध्या, गणपतीचे कार्यक्रम करत बारा वर्षं गिटार वाजवतोय. सात तारांची अकॉस्टिक इकडच्या दुकानांत मिळाली नाही, म्हणून बनवून घ्यायची ठरवलं. मागणी लिहून दिली होती: नट, म्हणजे मानेच्या टोकाची पट्टी, ४८ मिलिमीटर रुंद, स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २७ इंच, वरची फळी सॉलिड, म्हणजे एकसंध, स्प्रूस लाकडाची, ट्यूनिंग खालच्या स्वरापासून बी-ई-ए-डी-जी-बी-ई, म्हणजे सातवी, सगळ्यात जाड तार बी. याहून स्पष्ट काय सांगायचं असतं?

११,५०० मागताना बनवणाऱ्यानं व्हिडिओ पाठवला. मी म्हणालो, सातवी तार मोकळी वाजवा, मग बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) दाबून ऐकवा. तो म्हणाला, “दादा, ती ढिली ठेवलीय. एवढा प्रवास, मानेवर ताण नको.” प्रवासाआधी तारा थोड्या उतरवतात हे खरंच आहे, म्हणून तर पटलं. पण त्याच व्हिडिओत तारा एकमेकींना खेटून होत्या, सहाच्या जागेत सात! मला ते दिसलं होतं. थांबवून, मोठं करून पाहिलं, आणि कॅमेऱ्याचा कोन असेल म्हणून पैसे पाठवले. तो व्हिडिओ अजून मोबाईलमध्ये आहे. बघितला की जीव जळतो. सातवी तार ऐकवत नसेल तर तिथंच थांबा, एक रुपया पुढे पाठवू नका.

खोकं उघडून पट्टी लावली. नट ४३, स्केल साडेपंचवीस. सहा तारांच्या गिटारीला हेडवर सातवं भोक पाडलेलं, कडेला पॉलिश न लागलेलं पांढरं लाकूड. साउंडहोलच्या, म्हणजे मधल्या भोकाच्या, कडेला प्लायचे थर सरळ दिसतात. या कडेचा फोटो आधी जवळून मागवायला हवा होता, तुम्ही नक्की मागवा. सातव्या तारेला बी लावला तर तार लोंबते, फ्रेटवर खडखडते, आणि बाराव्या फ्रेटवर ट्यूनर स्वर चढा दाखवतो. मे महिन्याच्या उन्हात चौथ्या दिवशी ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची लाकडी पट्टी, मागून उचलला. खाली पोस्टकार्ड सरकतं. शेजारचा तबलजी म्हणाला, “भो, हे तर जोडकाम आहे.”

पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं. मग हवालदारानं तारा मोजल्या आणि म्हणाला, “सात आहेत ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे.” दुसऱ्या खेपेला, “तो राहतो तिथं तक्रार द्या.” का म्हणून? गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यानं नोंदवायचा, असं १ जुलै २०२४ पासून कायद्यातच आहे. हे बोललो तर, “तुम्ही वकील का?” तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर, चौथ्या वेळी अर्ज सापडेना. शेतीचं काम सोडून चार चकरा! बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायला मात्र मीच उशीर केला, शेवटचे पैसे जाऊन अकरा दिवस झाले होते. तुम्ही त्याच तासाला करा.

आता ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, मुदत दोन वर्षांची. लिहून दिलेली मागणी, चॅट, पावत्या, खोक्यावरचं लेबल, काही फेकू नका. आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता.

काल त्याच नंबरवर नव्या गिटारीचा फोटो दिसला. रंग वेगळा, तारा तशाच खेटलेल्या.