जुनी इंजिनं घाटावर न्यायची: बंद कंटेनर की उघडा ट्रक?

रत्नागिरीजवळ पावस गावात मामांच्या वाडीत जुन्या मोटारींची सात इंजिनं होती. मोटारींचे पत्रे खाऱ्या हवेनं केव्हाच खाल्ले. इंजिनं मात्र मामांनी तेल-ग्रीस देऊन आणि महिन्या-महिन्याला हातानं क्रँक, म्हणजे आतला मुख्य दांडा, फिरवून सांभाळली. आता मामांचं वय झालं, वाडीच्या कामालाच माणूस मिळत नाही, म्हणून ती पुण्याकडच्या एका संग्रहालयाला द्यायचं ठरलं आणि पोचवायचं काम माझ्याकडे आलं. पाच गेली, दोन राहिलीत. पहिली तीन बंद कंटेनरमधून नेली, पुढची दोन उघड्या ट्रकमधून. किनाऱ्यावरून असं काही वर न्यायचं कुणाच्या डोक्यात असेल तर या दोन खेपांचा उपयोग व्हावा. ऑइल काढणं, भोकं बुजवणं, लाकडी सांगाड्यावर इंजिन त्याच्याच पायांवर बसवणं हे ज्याच्याकडे इंजिन आहे त्याला सांगायला नको. ते सोडून देतो.

बाकीचे दोन पर्याय थोडक्यात. पार्ट लोडनं, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर, पाठवायचा विचार मी लगेच सोडला. भाडं कमी लागतं, पण वाटेत डेपोत माल उतरतो आणि दुसऱ्या गाडीत चढतो. तिथे आपण नसतो. हमाल दोरी घालणार ती हाताला येईल तिथे, म्हणजे मॅनिफोल्ड नाहीतर कार्ब्युरेटर अशा बाहेर आलेल्या नाजूक भागाला. आमच्यातल्या ऑस्टिन सेव्हन मोटारीच्या इंजिनाचा वरचा ब्लॉक बिडाचा असला तरी खालची क्रँककेस, म्हणजे क्रँकची पेटी, ॲल्युमिनियमची आहे. तिच्यावर पहारीचा एक टोला बसला तर सगळं संपलं. दुसरा पर्याय कोकण रेल्वेच्या रो-रोचा. 1999 पासून भरलेले ट्रक तसेच्या तसे वाघिणीवर चढवून कोलाड ते वेर्णा नेतात. गोव्याच्या बाजूला जायचं असेल तर मी त्याचा जरूर विचार केला असता. इंजिन एकदा ट्रकमध्ये बसलं की त्याला पुन्हा कुणी हात लावत नाही आणि महामार्गाचे धक्केही चुकतात. आम्हाला मात्र घाट चढायचा होता, तिथे रो-रोचा काही उपयोग नाही.

म्हणजे प्रश्न उरला तो कंटेनर की उघड्या ट्रकचा हौदा.

कंटेनरच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे, आणि पहिल्या वेळी मी तोच निवडला होता. रात्री ढाब्यावर गाडी उभी असताना कुलूप लावून निवांत जेवता येतं. पितळी नेमप्लेट, मॅग्नेटो, कार्ब्युरेटर अशा खिशात मावणाऱ्या वस्तूंची धास्ती राहत नाही. धूळही येत नाही, आणि जांभ्याची धूळ म्हणजे काय ते इकडच्या माणसाला माहीत आहे. एकदा ग्रीसमध्ये बसली की तिची लोखंड घासणारी पेस्टच होते. अवकाळी सर आली तरी पळापळ नाही. भाडं आम्हाला उघड्या ट्रकच्या जवळजवळ दीडपट पडलं, पण अशा मालाला पैसे बघून चालत नाही असं तेव्हा वाटलं होतं.

चढवताना पहिली अडचण कळली. वाडीत तीन वाशांचं तिकाटणं उभं करून त्याला चेनपुली टांगली होती. इंजिन वर उचलून खाली गाडी घ्यायची, एवढं सोपं काम. पण कंटेनरला छप्पर असतं. इंजिन दारापर्यंत आणून टेकवायचं आणि मग पाइपांच्या रुळांवरून आत ढकलत न्यायचं. फोर्डच्या 'मॉडेल ए' मोटारीचं इंजिन 3.3 लिटरचं, सगळं बीड. तीन माणसं आत, दोन बाहेर, आणि आतली तिघं काळोखात वाकून. अर्ध्यावर पाइप तिरका झाला आणि सांगाडा भिंतीकडे घसरला. इजा कुणाला झाली नाही, पण त्या क्षणी मामा पडवीतून उठून आले आणि काही न बोलता दाराशी उभे राहिले, ते तिन्ही इंजिनं बांधून होईपर्यंत. ही अडचण मी तरी सोसली असती. फोर्कलिफ्ट असलेल्या ठिकाणी ती येणारही नाही.

खरं बिनसलं ते पुढे.

नोव्हेंबरचे दिवस. दुपारी चारला दारं बंद केली. सकाळीच वाडीला शिंपणं झालेलं, जमीन ओली, हवेत दमट उकाडा. ती सगळी हवा इंजिनांबरोबर पेटीत कोंडली गेली. सांगाड्याच्या फळ्याही ताज्या चिरलेल्या होत्या. हाताला कोरड्या लागत होत्या, पण आतून ओल्याच. ड्रायव्हरला घाट रात्री मोकळा हवा होता म्हणून आठला निघालो. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा करत मध्यरात्रीच्या सुमारास आंबा घाट चढलो. वर चांगलाच गारठा. मलकापूरच्या अलीकडे ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन झोप काढली. सकाळी ऊन लागलं, पत्रा तापला, आम्ही कोल्हापूर, कराड, सातारा करत दुपारी पोचलो. तोवर दार एकदाही उघडलं नव्हतं, आणि त्याचंच मला समाधान वाटत होतं.

दार उघडलं तेव्हा ओल्या लाकडाचा वास आला. वर बघितलं तर छताच्या पत्र्याला थेंब लोंबत होते, गरम भात भरलेल्या डब्याच्या झाकणाला आतून धरतात तसे. रात्री घाटमाथ्यावर पत्रा गार पडला, आतल्या दमट हवेचं पाणी झालं आणि ते खाली टपकत राहिलं. सकाळी उलटं झालं: पत्रा आणि फळ्या तापल्या, फळ्यांतली ओल हवेत आली, पण एवढं वजनदार लोखंड काही लवकर तापत नाही. ते रात्रीचंच गार. मग पाणी थेट लोखंडावर धरलं. बाहेरून पाण्याचा एक थेंब आत गेला नव्हता, आणि तरी इंजिनं घामाघूम झाली होती.

ग्रीस होतं तिथे काही झालं नाही. बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंती, वाचले, क्रँक वाचला. पण मॉरिस एट मोटारीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, प्रदर्शनासाठी वेगळं ठेवायचं होतं. त्याचा गॅस्केट बसतो तो सपाट भाग मामांनी तीन दिवस बसून लाकडी पट्टीनं, एक ओरखडा न उठवता साफ केला होता. त्यावर मी तेलाचा अगदी पातळ हात दिला होता. बंद गाडी आहे, एका रात्रीचा प्रश्न आहे, असं म्हणून. त्या भागावर नारिंगी साय धरली होती आणि मधोमध चवलीच्या नाण्याएवढे चार गोल, जिथे थेंब पडले तिथे. बोट फिरवलं तर बोटाला रंग आला. संग्रहालयातल्या कारागिरानं तेल लावून, पितळी पात्यानं हलक्या हातानं गंज काढला. पॉलिश पेपर त्यानं लावला नाही, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पण त्या चार गोलांचे काळपट डाग राहिले. लोखंड तेवढं खाल्लं गेलं ते गेलंच. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर इतकी वर्षं ज्याला गंज शिवला नाही, त्याला एका रात्रीत डाग पडला तो मी निवडलेल्या गाडीत. मामांना फोन करून सांगणं मला जड गेलं. ते एवढंच म्हणाले, "अरे, हवा खेळती नको का?"

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात ऑस्टिन सेव्हन आणि फियाट 1100 अशी दोन इंजिनं निघाली ती उघड्या आयशर ट्रकमधून. चढवायला अर्धा तास लागला. चेनपुलीनं उचललं, खाली हौदा घेतला, आणि जिथे पाहिजे तिथेच, मागच्या चाकांच्या पुढे केबिनच्या बाजूला, इंजिन अलगद टेकवलं. शेपटाकडच्या फाळक्याजवळ ठेवलं तर प्रत्येक खड्ड्याला उडतं. सांगाड्याला चारी दिशांना पट्टे मारले, इंजिनाच्या अंगाला एकही नाही. वर बांबूच्या कमानी आणि त्यावर सुती ताडपत्री. प्लास्टिकची निळी ताडपत्री घेऊ नये असं माझं मत झालंय, कारण तिच्याखाली तोच घाम धरतो. सुती ताडपत्री जड असते, महाग असते, पण ती श्वास घेते. ती इंजिनाला टेकता मात्र कामा नये, त्यासाठीच कमानी.

तोच घाट, तीच वेळ, मलकापूरच्या अलीकडे तोच थांबा. पहाटे धुकं इतकं की समोरचा ढाबा दिसेना. मी हौद्यात चढलो. ताडपत्री वरून दवानं चिंब, पिळली असती तर पाणी निघालं असतं. कडेची दोरी सैल करून आत हात घातला. कापड आतून गार होतं पण ओलं नव्हतं. ऑस्टिनच्या ब्लॉकवर तळवा ठेवला, थंडगार आणि कोरडा. तळवा उचलून बघितला, कपड्याला पुसला, पुन्हा ठेवला. कोरडाच.

त्रास झाला नाही असं नाही. दर थांब्यावर माणसं गोळा होतात आणि "बोटीचं इंजिन का?" असं विचारतात, त्यांना सांगताना डोळा मालावर ठेवावा लागतो. रात्री एकानं जागं राहायचं, दुसऱ्यानं झोपायचं. छोट्या पितळी वस्तू आम्ही केबिनमध्ये पायाशी ठेवल्या. संग्रहालयाचं पत्र आणि इंजिन नंबरांची यादी जवळ होती. गाडीशिवाय नुसतं इंजिन बघून कुणालाही शंका येते, आणि उघड्या हौद्यात ते सगळ्यांना दिसतं. धूळ अंगावर बसली, पण भोकं लाकडी बुचांनी बंद होती आणि वर धुतलेलं जुनं धोतर गुंडाळलं होतं, त्यामुळे ती बाहेरच राहिली.

एक कबूल करायला हवं. दोन खेपा दोन वेगळ्या वर्षांच्या आहेत, फळ्याही दुसऱ्या वेळी वाळलेल्या होत्या, तेव्हा सगळा दोष एकट्या कंटेनरला देणं कदाचित न्यायाचं होणार नाही. इंजिन कोरड्या दिवशी जाड पिशवीत सिलिका जेल घालून सीलबंद करायची कुणाची तयारी असेल, तर कंटेनर चालेल असं मला वाटतं. कोइम्बतूरच्या जीडी कार म्युझियमकडे किंवा हरियाणातल्या तावडूच्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियमकडे माल निघाला असेल तर इतके दिवस हौद्यात राखण करत कोण जाणार? तिथे कुलूपबंद गाडीच बरी. पण एका रात्रीचा घाट असेल, बरोबर जायला आपलं माणूस असेल आणि पाऊस संपून जमीन वाळली असेल, तर मी हौदाच घेईन. जून ते सप्टेंबर दोन्ही नकोत; इंजिन आहे तिथेच असू द्यावं.

उरलेली दोन, शेवरोलेचं सहा सिलिंडरचं आणि लँडमास्टरचं, या फेब्रुवारीत निघतील. आयशरवाल्याला सांगून ठेवलंय. सांगाड्याच्या फळ्या दसऱ्यालाच चिरून आणल्यात, आणि मामा त्या रोज सकाळी खळ्यात उन्हात टाकतात, संध्याकाळी पडवीत घेतात.