दाढ जर्मनीत, कॅप पुण्यात

जर्मनीतल्या दातांच्या डॉक्टरांबद्दल आपल्या लोकांत दोनच मतं ऐकू येतात. एक, "पब्लिक इन्शुरन्स (सरकारी आरोग्यविमा) आहे ना, मग सगळं फुकट." दुसरं, "दातांचं काही निघालं तर सरळ इंडिया ट्रिपवर ढकल." मी राहते स्टुटगार्टजवळ सिंडेलफिंगेनला, आणि माहेर पुण्यात सिंहगड रोडला. दोन्हीकडच्या खुर्च्यांवर आ वासून झालं आहे, दोन्हीकडची बिलंही भरून झाली आहेत. माझं मत असं: जर्मनीत दात वाचवणं जवळजवळ फुकट आहे, पण गेलेल्या दाताच्या जागी काही बसवायचं म्हटलं की खिसा रिकामा. त्यामुळे "इंडियाला गेल्यावर बघू" म्हणून वर्षभर कळ काढणारे दोन्हीकडून मार खातात.

आधी चांगलं सांगते. वर्षातून एकदा-दोनदा तपासणी, गरज असेल तर एक्स-रे, वर्षातून एकदा दातांवरचं कीटण काढणं, भूल देऊन दात काढणं, हे सगळं इन्शुरन्सचं कार्ड दाखवलं की झालं. काउंटरवर एक सेंटही द्यावा लागत नाही. हिरड्यांचे उपचारसुद्धा 2021 पासून बरेच सुधारलेत. खोलवर सफाई आणि पुढची दोन वर्षं देखरेख, असं सगळं इन्शुरन्सच्या खात्यावर. पुण्यात हिरड्यांसाठी दोन वर्षं कोण मागे लागतंय? दुखायचं थांबलं की आपणच जायचं थांबतो.

सिमेंट भरण्याचं जरा वेगळं आहे. 1 जानेवारी 2025 पासून युरोपियन युनियनमध्ये ते जुनं काळं-चंदेरी अमाल्गम बंद झालं. तेव्हापासून दाढेत दाताच्या रंगाचं साधं सिमेंट वरचे पैसे न देता भरून मिळतं. थराथराने भरायचं चांगलं कॉम्पोझिट हवं असेल तर फरक आपण द्यायचा, आणि तो आधी कागदावर सही करून. डॉक्टरांनी सहीशिवाय बिल लावलं तर बिनधास्त विचारा.

आता खटकणारं. मी जाते त्या दवाखान्यात तपासणी संपता संपता 'प्रोफेशनल क्लीनिंग'ची तारीख ठरवूनच टाकायचा प्रयत्न होतो. हे इन्शुरन्सच्या यादीत नाही. माझं बिल झालं 110 युरो. काही इन्शुरन्स कंपन्या यातले थोडे पैसे परत देतात, पण ते आपण होऊन मागावे लागतात. सफाई उत्तम करतात, तासभर एकेक दात घासतात. पण मी नको म्हटल्यावर रिसेप्शनवरच्या बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहून वाटलं की मी दात घासतच नाही असं फाइलमध्ये लिहिलं गेलं असावं.

खरी गंमत झाली ती माझ्या डावीकडच्या खालच्या दाढेच्या वेळी. रात्रभर ठणकत होती. सकाळी फोनवर साधी टर्मिन (अपॉइंटमेंट) मागितली असती तर पुढच्या महिन्यातली मिळाली असती; "दुखतंय" म्हटल्यावर त्याच दिवशी या म्हणाले, बसायची तयारी ठेवून. रूट कॅनल करायचं ठरलं. इथे एक अट आहे, जी मला कुणीच सांगितली नव्हती. दाढेचं रूट कॅनल इन्शुरन्स सरसकट देत नाही. त्या बाजूची दातांची रांग सलग असेल आणि ती राखायची असेल, किंवा ती शेवटची दाढ गेल्याने मागे आधारच उरणार नसेल, अशा ठरावीक परिस्थितीत देतं. मध्येच एखादा दात आधीच गेलेला असेल तर पूर्ण खर्च तुमच्या गळ्यात पडू शकतो. माझी रांग सलग निघाली. काम सुरेख झालं, दुखलं नाही, बिल शून्य.

मग कॅपचा अंदाजपत्रकाचा कागद हातात आला. जर्मन कागदांची सवय असूनही हा मी दोनदा वाचला. ऐकीव माहिती अशी की कॅपचे 60 टक्के इन्शुरन्स देतं. हे 60 टक्के तुमच्या बिलाचे नसतात, तर इन्शुरन्सच्या लेखी जो साधा उपचार आहे त्याच्या सरासरी खर्चाचे असतात. आणि खालच्या चौथ्या दाताच्या मागे साधा उपचार म्हणजे नुसती धातूची कॅप. हसल्यावर दिसतं तिथपर्यंतच दातासारखा थर, पुढे चमचमतं धातू! मला दाताच्या रंगाची झिर्कोनियाची कॅप हवी होती, तर एकूण अंदाज 830 युरोंचा, त्यात इन्शुरन्सचे दोनशेच्या आसपास, उरलेले माझे. कागदावर प्रत्येक ओळीपुढे 2.3, 3.0 असे आकडे होते. डॉक्टर सरकारी दरपत्रकाच्या कितीपट पैसे घेणार, ते हे आकडे सांगतात. त्या दरपत्रकात उपचारांचे दर पॉइंटमध्ये मोजतात आणि एका पॉइंटची किंमत 1988 पासून वाढलेली नाही, म्हणून डॉक्टर पटींवर चालतात. डॉक्टरांचं चुकत नाही, पण पैसे माझेच जातात.

बोनसहेफ्ट नावाचं एक छोटं पुस्तक इथे मिळतं. दरवर्षी तपासणी करून शिक्का घेतला तर सलग पाच वर्षांनी ते 60 टक्क्यांवरून 70 टक्के होतात, दहा वर्षांनी 75. नव्याने आलेल्याची पाटी कोरी, पुण्यातल्या तपासण्या धरत नाहीत. पहिल्याच वर्षी शिक्के सुरू करा, दात चांगले असले तरी.

डॉक्टरांना सांगून मी दाढेवर तात्पुरतं सिमेंट भरून घेतलं आणि पुण्याच्या सुट्टीत कॅप केली. आमचे डॉक्टर मला शाळेपासून ओळखतात. "अगं, जर्मनीतून येऊन इथे तोंड उघडतेस?" असं स्वागत झालं. दात घासून माप घेतलं, मग खिडकीशी नेऊन रंग जुळवला. रंगाच्या त्या दातांच्या पट्टीवर व्हिटा लिहिलेलं होतं. ही कंपनी बाड झेकिंगनची, म्हणजे मी राहते त्याच राज्यातली. ए2 की ए3, यातली कोणती छटा घ्यायची यावर डॉक्टर आणि आई यांचं एकमत होईना. मला कुणी विचारलंच नाही. ए3 ठरला. चार दिवसांत लॅबमधून कॅप आली, सोबत वॉरंटी कार्ड. बिल 9,500 रुपये, म्हणजे साधारण शंभर युरो.

हे वाचून लगेच तिकीट काढू नका. माझ्या भावाला मी कौतुकाने आकडा सांगितला, तर तो म्हणाला, "तायडे, तुझ्या युरोत स्वस्त आहे. माझ्या पगारात हा महिन्याचा किराणा आहे." खरंच आहे. आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेममध्ये दवाखान्यातलं दातांचं काम बसत नाही, पुण्यात राहणारा पूर्ण रक्कम स्वतःच्या खिशातून देतो. आणि कॅप चावताना जरा उंच वाटली, तर पुण्यात दुसऱ्या दिवशी जाऊन घासून घेता येते. मला ती विमानात बसल्यावर उंच वाटली. इथल्या डॉक्टरांनी घासून दिली, पण "दुसऱ्याचं काम" हे नोंदवूनच. इथे केलेल्या सिमेंटवर आणि कॅपवर दोन वर्षांची हमी कायद्यानेच असते, तीच दुरुस्ती तेव्हा फुकट झाली असती. इम्प्लांटचा विचार असेल तर स्क्रू हाडात धरायला काही महिने जातात, म्हणजे दोन फेऱ्या. तिकिटं धरली की पुण्याचा स्वस्तपणा बराच आटतो. एका कॅपसाठी मी पुन्हा पुण्यातच जाईन, इम्प्लांटसाठी नाही.

दातांचा वेगळा पूरक इन्शुरन्स घ्यायचा तर सगळं ठीक असताना घ्या. डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं काम त्यात बसत नाही, आणि पहिली काही वर्षं रकमेवर मर्यादा असते.

विद्यार्थ्यांसाठी मात्र एक गोष्ट फारच कमी जणांना माहीत आहे. उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असेल (2025 साली एकट्या माणसाला महिना 1,498 युरो), तर कॅप किंवा कवळीवरचं अनुदान दुप्पट होतं आणि साध्या उपचाराला काहीच पैसे पडत नाहीत. ब्लॉक्ड अकाउंटवर (व्हिसासाठी आधीच भरलेल्या पैशातून दरमहा ठरावीक रक्कम मिळते त्या खात्यावर) राहणारी आपली बरीच मुलं यात बसू शकतात. काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रकासोबत इन्शुरन्सकडे हार्टेफालचा, म्हणजे कमी उत्पन्नासाठीच्या या सवलतीचा, अर्ज करायचा. कॅप बसल्यावर केला तर उपयोग नाही. आणि पुण्यात काढलेला ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) फोनमध्ये ठेवा, माझ्या इथल्या डॉक्टरांनी तोच पाहिला आणि नवीन काढला नाही.