नानांची जीप, चिपळूणचं गॅरेज आणि आरसी बुक

गंजलेली गाडी रंगवून चकाचक करून देणारी गॅरेजं कोकणात पावलोपावली आहेत. पण आरसी बुक बघितल्याशिवाय बॉनेटला हात न लावणारं मला हे एकच भेटलं. चिपळूण सोडून गुहागरच्या रस्त्याला लागलात की पत्र्याची शेड दिसते, बाहेर तीन-चार जुन्या जीपा.

आमच्या नानांची महिंद्रा जीप कित्येक पावसाळे माडाखाली उभी होती. इंजिन जाम, नोंदणीची मुदत संपलेली, आणि नाना गेल्यावर नावाचा प्रश्न. गॅरेजचे मालक भाई, त्यांचा पहिला प्रश्न, "ताई, वारस किती?" वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म 31, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागतं. भावाबहिणींच्या सह्या येईस्तोवर त्यांनी पाना उचलला नाही. तेव्हा राग आला होता, हे खरं.

मग चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला ओळखीचा नंबर. खाऱ्या वाऱ्याने चेसिसवर खपल्या धरलेल्या. गॅरेजमधला पोरगा तारेचा ब्रश घेऊन सरसावला तर भाई त्याच्यावर असे खेकसले की बास. रॉकेलमध्ये बुडवलेला दात घासायचा ब्रश घेऊन स्वतः आडवे झाले. नंतर कागदाची पट्टी दाबून शिसपेन्सिल फिरवली, एकेक आकडा उमटला. नंबर वाचता आला नाही तर पासिंगला गाडी अडते, आणि आरटीओच्या परवानगीशिवाय तो नव्याने ठोकणं म्हणजे पोलिसांना आवतण.

जाम इंजिनाच्या जागी दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने नव्या एसयूव्हीचं टर्बो इंजिन सुचवलं होतं, "आरसीवर कोण बघतंय?" भाईंनी साफ नकार दिला. मूळ बनावटीपेक्षा वेगळी गाडी करायची नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2019 मध्येच सांगितलंय. त्यांनी त्याच जातीचं डिझेल इंजिन बिलासकट आणलं, बसवल्यावर 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवून इंजिनाचा नवा नंबर आरसीवर चढवून घेतला. गाडी कापून आखूड करायची भाच्याची हौसही तिथेच मिटली.

दुबईचा चुलतभाऊ तिकडची वापरलेली जीप पाठवतो म्हणत होता. भाईंनी फोनवरच निकाल लावला: वापरलेली गाडी आणायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. तिकडे सगळं डावीकडे!

खर्चाचं म्हणाल तर मजुरी वाजवी, सरकारी फीच जड. 15 वर्षांवरच्या चारचाकीचं नूतनीकरण 2022 मध्ये 600 वरून 5,000 झालं, आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाडीला 10,000. वर पर्यावरण कर. मिळतात ती पाचच वर्षं. भाई सरकारी पावत्या वेगळ्या देतात, हे मला फार आवडलं. स्वतःचा हिशोब मात्र खोक्याच्या पुठ्ठ्यावर, तोही त्यांनाच वाचता येतो. फोन उचलत नाहीत. गणपतीच्या आधी गाडी देऊ नका, चाकरमान्यांच्या गाड्यांत आपली मागे पडते.

पाचपैकी चार. हुडाची, म्हणजे कापडी छपराची, शिलाई तेवढी दुसरीकडे करून घ्या, पहिल्याच सरीला माझ्या मांडीवर धार लागली.