आठ महिने एका शिपायाच्या मागावर: अमेरिकन यादवी युद्धाच्या नोंदी वापरून आलेला अनुभव

सासऱ्यांच्या कपाटात एक पितळी बटण होतं, गरुड कोरलेलं. "माझ्या पणजोबांच्या कोटाचं. लिंकनच्या फौजेत होते ते," एवढंच सांगायचे. म्हणजे 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने. सासरे गेल्यावर बटण माझ्या लेकीकडे आलं आणि तिने साधा प्रश्न विचारला: कुठल्या लढाईत होते? घरात कोणाकडेच उत्तर नव्हतं. आम्ही विस्कॉन्सिनमध्ये राहतो, नवऱ्याचं घराणं मूळचं जर्मन. माझं माहेर नाशिकचं. पंचवटीत तीर्थोपाध्यायांकडे गेलं की गावाचं नि कुळाचं नाव सांगायचं आणि वहीत पणजोबांची सही बघायची, हे लहानपणी पाहिलेलं. तशी वही इथेही कुठेतरी असणारच, असं धरून मी शोध सुरू केला.

सुरुवात नॅशनल पार्क सर्व्हिसच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय उद्यान खात्याच्या, सैनिक-खलाशी डेटाबेसपासून केली. तो पूर्ण मोफत आहे, खातं उघडावं लागत नाही. त्यात सैनिकांच्या सुमारे 63 लाख नोंदी आहेत, पण प्रत्यक्ष लढलेली माणसं साधारण 35 लाख. हे लक्षात न घेतल्यामुळे माझे पहिले काही आठवडे गोंधळात गेले. एकाच माणसाचं नाव कारकुनांनी तीन प्रकारे लिहिलेलं असतं, एखादा दोन रेजिमेंटमध्ये (पलटणींमध्ये) भरती झालेला असतो, आणि प्रत्येक नोंद वेगळी मोजलेली असते. जर्मन आडनावांचे तर फारच हाल. श्मिटचा स्मिथ होतो, म्युलरचा मिलर. आमच्या आडनावाची मी पाच स्पेलिंगं करून पाहिली. बरोबर माणूस चौथ्यात सापडला.

सापडला म्हणजे काय, तर नाव, बाजू (उत्तर की दक्षिण), रेजिमेंट, तिच्यातली कंपनी म्हणजे तुकडी, भरतीच्या वेळचा हुद्दा आणि शेवटचा हुद्दा. बास. जन्मतारीख नाही, गाव नाही, आईबाप नाहीत. ही मुळात सेवानोंदींची नुसती सूची आहे. तरी रेजिमेंट कळणं हे फार मोठं काम आहे, कारण पुढचा प्रत्येक कागद तिच्याच नावावर मागावा लागतो. आमचे खापरपणजोबा 26 व्या विस्कॉन्सिन पायदळात होते. मिलवॉकीच्या आसपासच्या जर्मनांची ही रेजिमेंट सप्टेंबर 1862 मध्ये उभी राहिली. डेटाबेसमध्येच रेजिमेंटचा थोडक्यात प्रवास वाचायला मिळतो: मे 1863 मध्ये चान्सलर्सव्हिल, जुलैमध्ये गेटिसबर्ग, मग पश्चिमेकडे चॅटनूगा, अटलांटा, उत्तरेचा सेनापती शर्मनची समुद्रापर्यंतची कूच, आणि जून 1865 मध्ये घरी. लेकीने भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या लावल्या. बटणाने केवढी पायपीट केली ते तेव्हा दिसलं.

इथे एक सावधगिरी. शेजारच्या काउंटीत त्याच नावाचा, जवळपास त्याच वयाचा आणखी एक शिपाई होता. एका सशुल्क संकेतस्थळावर कोणीतरी दोघांना एक करून वंशवृक्ष चढवला होता आणि तो मी खरा मानला. दोन महिने मी दुसऱ्याच घरच्या माणसासाठी हळवी होत होते. लोकांनी बनवलेल्या वंशवृक्षावरून दिशा घ्यावी, पण मूळ कागद पाहिल्याशिवाय नाव आपल्या घरात घेऊ नये.

ही गाठ सोडवली 1890 च्या माजी सैनिकांच्या जनगणनेने. त्या वर्षीची मुख्य जनगणना 1921 च्या आगीत होरपळली आणि उरलेले कागद पुढे सरकारनेच नष्ट केले, त्यामुळे ती जवळपास सगळी गेली. माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या वेगळ्या याद्यांपैकी इंग्रजी वर्णक्रमाने अलाबामापासून कॅन्ससपर्यंतच्या आणि अर्ध्या केंटकीच्या याद्याही जवळपास नाहीत. विस्कॉन्सिन शेवटी येतं म्हणून वाचलं. त्या यादीत रेजिमेंट, कंपनी, राहण्याचं ठिकाण आणि दुखापत अशा रकान्यांत आमचा माणूस बसला होता: डाव्या हाताला गोळी.

मग मी नॅशनल आर्काइव्ह्जकडे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय अभिलेखागाराकडे, दोन गोष्टी मागवल्या: सेवानोंद आणि पेन्शनची फाइल. सेवानोंद म्हणजे हजेरीपत्रकांवरून उतरवलेल्या कार्डांचं पाकीट. वय, उंची, डोळ्यांचा रंग, धंदा, आणि दर दोन महिन्यांनी 'हजर' किंवा 'गैरहजर, इस्पितळात'. मे 1863 पासून काही महिने सलग इस्पितळ. 2 मेच्या संध्याकाळी दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याने चान्सलर्सव्हिलला ज्या कोअरवर (अनेक रेजिमेंटांच्या मोठ्या दलावर) बाजूने हल्ला चढवला, त्यात हे जर्मन होते. त्यांची ती पहिलीच लढाई. पळपुटे जर्मन म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना पुढे कितीतरी दिवस झोडपलं. त्या कार्डावरचा 'इस्पितळ' हा शब्द माझ्या लेकीने बोटाने दोनदा गिरवला.

पण माझं खरं सांगणं पेन्शनच्या फायलीबद्दल आहे. पैसे एकाच कागदावर खर्च करायचे असतील तर या फायलीवर करा. मी मागवली तेव्हा पहिल्या 100 पानांना 80 डॉलर पडले आणि तीन महिने थांबावं लागलं. आधी पेन्शनच्या सूचीतलं कार्ड शोधा. त्यावर शिपायाचा आणि विधवेचा असे वेगवेगळे अर्जक्रमांक असतात. विधवेचा क्रमांक दिसला तर पूर्ण फाइलच मागवा.

कारण शिपायाला फक्त जखम सिद्ध करायची होती. खापरपणजीला अख्खं आयुष्य सिद्ध करावं लागलं. 1903 मध्ये नवरा वारला. 1890 च्या कायद्याखाली महिना 8 डॉलर मिळवायचे तर लग्न खरं होतं, आधीचं दुसरं लग्न नव्हतं, आणि उत्पन्न वर्षाला 250 डॉलरच्या वर नाही, हे सगळं दाखवायचं. दोन शेजारणींची प्रतिज्ञापत्रं आहेत. चर्चचा लग्नाचा दाखला आहे, त्यावर तिचं माहेरचं नाव, जे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. नवऱ्याने 1898 मध्ये भरलेला छापील प्रश्नपत्रक आहे, हयात मुलांची नावं नि जन्मतारखा. आणि घरच्या बायबलमधून फाडून जोडलेलं एक पान आहे. त्यावर जुन्या जर्मन वळणात लिहिलेली दोन जास्तीची नावं, प्रश्नपत्रकात नसलेली. ते वळण लावायला मला मोडीसमोर बसावं तसं तीन रात्री बसावं लागलं. दोन्ही मुली, दोन वर्षांच्या आत गेलेल्या. 1908 मध्ये पेन्शन 12 डॉलर झालं, त्याची पावतीही आहे.

दक्षिणेच्या सैनिकांचे वंशज असाल तर वाट वेगळी. त्यांना केंद्राने पेन्शन दिलं नाही, राज्यांनी दिलं. आणि तेही शिपाई जिथून लढला त्या राज्याने नाही, म्हातारपणी जिथे राहत होता त्या राज्याने. अर्ज त्या राज्याच्या अभिलेखागारात शोधा. उत्तरेच्या कृष्णवर्णीय पलटणींत सुमारे 1,79,000 जण होते. त्यांच्या घरच्यांसाठी तर या फायलींचं मोल कशातच मोजता येणार नाही. 1870 च्या आधीच्या जनगणनेत गुलामांची नावंच लिहिलेली नसायची, आणि पेन्शनसाठी दिलेल्या साक्षींत मात्र आई, भावंडं, जुना मालक, मळा, सगळं त्यांच्याच तोंडून येतं.

आता बटणाच्या डबीत बायबलच्या त्या पानाची प्रत घडी करून ठेवली आहे. माहेरच्या नावासोबत दाखल्यावर एका जर्मन खेड्याचं नाव आहे. तिथल्या चर्चला मी गेल्या आठवड्यात पत्र टाकलं; खाली लेकीनेही सही केली.