मागे पडण्याची धास्ती: रविवारी फोन बंद, की रोज रात्री विवेकपरीक्षण?

मित्र कॅनडाला गेला, चुलत बहिणीने ठाण्यात दुसरा फ्लॅट घेतला, चर्चच्या तरुणांच्या ग्रुपवर सहलीचे फोटो पडले आणि आपण घरीच. मग सगळे पुढे गेले, आपलंच काहीतरी हुकलं, असं वाटत राहतं. ‘प्रार्थना कर’ हे कोणीही सांगेल. कशी करू, ते फारसं कोणी सांगत नाही. ख्रिस्ती परंपरेत यासाठी दोन जुन्या वाटा आहेत. दोन्ही चांगल्या, पण एकाच दुखण्यावरच्या नाहीत.

पहिली शब्बाथची, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाची, आपल्याकडे रविवारची. चर्चमधली उपासना किंवा मिस्सा (कॅथलिकांची उपासना) झाली की दिवसभर फोन आणि ऑफिसची मेल बंद. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात, मिसरमधून सुटून अरण्यात आलेल्या इस्राएली लोकांना देवाने दिलेलं अन्न, म्हणजे मान्ना, रोज गोळा करावा लागे. उद्यासाठी साठवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे आणि तो सातव्या दिवशीही टिके. तरी काही जण सातव्या दिवशी बाहेर पडलेच. हाती काही लागलं नाही. रविवारी दुपारी सगळ्यांचे स्टेटस चाळणाऱ्याला ही माणसं ओळखीची वाटावीत.

या वाटेला वेगळं कौशल्य लागत नाही आणि घरातले सोबत असतात. पण हॉस्पिटलात ड्युटी असलेल्या नर्सने किंवा ऑन-कॉल असलेल्या माणसाने रविवारचाच हट्ट धरू नये. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हे प्रभू येशूनेच सांगितलंय. खरी उणीव वेगळी आहे. सोमवारी सकाळी फोन उघडला की तीच धास्ती तिथेच बसलेली असते.

दुसरी वाट विवेकपरीक्षणाची, म्हणजे रोज रात्री देवासमोर आपला दिवस तपासायची. ती येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर वाचायला त्यांनी शूरवीरांच्या कथा मागितल्या. घरात होती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. पडल्या पडल्या ते दोन्हींची स्वप्नं बघत. दरबारातल्या पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येई, पण नंतर मन कोरडं पडे. संतांसारखं जगायचे विचार संपल्यावरही समाधान टिकून राही. कोणता विचार ओसरल्यावर मागे काय उरतं, हे पाहायची सवय त्यांना इथे लागली. पुढे त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ (प्रार्थना-चिंतनाचं त्यांचं पुस्तक) 1548 मध्ये पोपनी मान्य केल्या. संपूर्ण साधना साधारण 30 दिवसांची, पण रोजचं विवेकपरीक्षण 15 मिनिटांत होतं: आभार मानायचे, प्रकाश मागायचा, दिवस तपासायचा, क्षमा मागायची आणि उद्याचं ठरवायचं.

हे कॅथलिकांचं म्हणून काही प्रॉटेस्टंट बिचकतात. बायबलमधल्या 139व्या स्तोत्रात ‘माझं मन पारखून पाहा’ हीच विनवणी आहे, तेव्हा बिचकायचं कारण मला तरी दिसत नाही.

धास्तीच्या बाबतीत हीच वाट मला खोलवर जाणारी वाटते. फोटो पाहून पोटात कालवलं, ते नेमकं कशामुळे? सहल हुकली म्हणून, की आपल्याला बोलावलंच नाही म्हणून? दोन्हींची प्रार्थना वेगळी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र हा शिष्य दुसऱ्या शिष्याकडे पाहून येशूला ‘याचं काय?’ असं विचारतो. त्याचं तुला काय, तू माझ्यामागे ये, असं उत्तर मिळतं. दिवस तपासताना आपले असे ‘याचं काय?’ किती निघतात, ते बघाच. शिवाय इग्नेशियस यांचा एक नियम फार व्यवहारी आहे: मन खचलेलं असताना आधीचा निर्णय फिरवायचा नाही. मध्यरात्री दुसऱ्याची बढती पाहून राजीनामा लिहायला बसणाऱ्याने एवढं पाळलं तरी पुष्कळ. अडचण एवढीच की हे एकट्याने करायचं असतं आणि चिकित्सक स्वभावाचा माणूस स्वतःलाच फोडून काढत बसतो. अशांनी आभाराची पायरी लांबवावी आणि अधूनमधून फादरांशी किंवा पाळकांशी बोलावं.

बेचैनी फोन हातात घेतल्यावरच सुरू होत असेल, तर रविवारपासून सुरुवात करा. परदेश, नोकरी, लग्न असा मोठा निर्णय डोक्यावर असेल, तर रात्रीचं परीक्षण धरा. दोन्ही एकदम सुरू केलं तर त्याचंच ओझं होतं. आणि आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, छातीत धडधड होत असेल, तर प्रार्थना चालू ठेवून डॉक्टरलाही दाखवा.