छोट्या धातूच्या गाड्या: पाकीट फोडून, हाताळून पाहिल्यावर

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने खेळण्यातल्या गाड्या घ्याव्यात का? माझं उत्तर आहे, जरूर घ्याव्यात. काही संग्राहक पाकीट न फोडता तसंच जपून ठेवतात, पण मी म्हणतो, घरी आणल्या की पाकीट फोडावं.

मी परभणीत राहतो. गेल्या पावसाळ्यापासून हॉट व्हील्स आणि मॅचबॉक्सच्या बोटभर गाड्या जमवतोय. लहानपणी उरुसात मिळायची ती प्लास्टिकची जीप घरी येईपर्यंत एखादं चाक टाकायची. या गाड्या तळहातावर ठेवल्या की वजन लगेच जाणवतं. वरचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं, साच्यात दाबून ओतलेलं. साध्या गाड्यांचा तळ मात्र आता बहुतेक प्लास्टिकचाच येतो. महागड्या मालिकांत तळही धातूचा आणि टायर रबराचे असतात. साधी गाडी दोनशेच्या आसपास पडते.

हॉट व्हील्स १९६८ साली आली तीच मुळी सुसाट पळणारी गाडी म्हणून, आणि अजूनही गुळगुळीत फरशीवर तिच्यासारखी दुसरी पळत नाही. पण माझा जीव जडला तो मॅचबॉक्सवर. इंग्लंडमधले खेळणी बनवणारे जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायला परवानगी होती, म्हणून त्यांनी तिला इवलासा रोडरोलर करून दिला, आणि त्यातून १९५३ साली ही गाड्यांची मालिका सुरू झाली. आजही त्यांच्यात कामाच्या गाड्या भरपूर असतात: ट्रक, ट्रॅक्टर, अग्निशामक बंब.

विलीज या जुन्या अमेरिकन जीपची छोटी गाडी आणली तेव्हा वडिलांनी ती हातात घेतली ती बराच वेळ खाली ठेवली नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर त्यांनी पाटबंधारे खात्याची जीप चालवली आहे. स्टेअरिंग डावीकडं आहे, हे त्यांनी पहिल्या नजरेत हेरलं. मग गिअरच्या दांड्याशेजारचे दोन छोटे दांडे, चिखलात चारही चाकांना जोर कसा द्यायचा, पुढची काच बॉनेटवर कशी आडवी पाडायची, सगळं सांगत बसले. महिंद्रांनी सुरुवातीला विलीजच्याच जीप भारतात जुळवल्या, हे मला वाचून माहीत होतं. ती चालवायची कशी, हे त्या संध्याकाळी कळलं. पाकीट तसंच बंद ठेवलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

आता उणिवा. १:६४, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढी लांबी, हे प्रमाण काटेकोर नसतं. पाकिटात बसवायचं म्हणून ट्रक आणि कार जवळपास सारख्याच लांबीचे करतात, शेजारी ठेवले की ते खटकतं. काही गाड्यांची चाकं तिरकी लागलेली असतात, म्हणून दुकानात पाकीट समोरून आणि वरून नीट बघून घ्या. ऑनलाइन मागवलेला एक खोका चेपून आला होता. गाड्या शाबूत होत्या, पण पाकीट जपणाऱ्याचे पैसे गेलेच असते.

आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ यांचा मात्र खरंच विचार करावा लागतो. खिडकीतल्या उन्हात रंग फिका पडतो. मी काचेचं दार असलेलं कपाट आतल्या भिंतीला लावलंय. धूळ झाडायला रंगकामाचा मऊ कुंचला वापरतो, आणि गाडी रखडायला लागली तर आसाला केस गुंडाळलाय का ते आधी बघतो. घरात तीन वर्षांखालचं लेकरू असेल तर कपाट उंचावरच हवं, सुटलेलं चाक ते थेट तोंडात घालतं.

‘ट्रेझर हंट’च्या, म्हणजे हॉट व्हील्सच्या साध्या गाड्यांत मिसळून येणाऱ्या दुर्मिळ गाड्यांच्या, मागे लागू नका, असं मी कळकळीने सांगेन. त्यातला ‘सुपर’ प्रकार चकचकीत रंगाचा आणि रबरी टायरचा असतो, दिसतो देखणाच. पण तो आधीच उचलून कैक पटीने विकणारे लोक आहेत, आणि त्या शर्यतीत हातातली गाडी बघायची राहून जाते. त्यापेक्षा आपला एक विषय धरा. मी फक्त कामाच्या गाड्या घेतो, त्यामुळे खर्च आवाक्यात राहतो आणि प्रत्येक गाडीबद्दल बोलायला घरात कुणी ना कुणी असतं.

नवीन सुरुवात करणाऱ्याने पहिली गाडी मॅचबॉक्सची घ्यावी, शक्यतो जीप किंवा ट्रॅक्टर. रबरी टायरवाल्या मालिकांकडे नंतर वळता येईल.